काळ्या पाषाणातली गोगलगाय

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला हात घातला आणि पुढची वीस वर्षे डोंगरामागून डोंगर, देवळाच्या कळसामागून कळस धरत मापाची साखळी उत्तरेकडे आणली. हैदराबादहून नागपूरला निघालेला त्याचा तळ हिंगणघाटला पडला असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, त्याने प्राण सोडला. भूगोलात त्याचे नाव मोठे आहे. मला मात्र इथे त्याच्या खात्यातल्या एका डॉक्टरची गोष्ट सांगायची आहे. कारण वर्ध्याच्या मातीखालचा खडक कसा घडला आणि त्यातले पाणी कुठे दडते, या शोधाचा पहिला धागा त्या डॉक्टरच्या हाती लागला.

त्याचे नाव हेन्री वेस्ली व्हॉयसी. नेमणूक दुहेरी होती : आजाऱ्यांना औषध द्यायचे आणि वाटेतले खडक तपासायचे. लॅम्बटन गेल्यावर तीन महिन्यांनी, एप्रिल १८२३ मध्ये, व्हॉयसी वऱ्हाडात गाविलगडच्या डोंगरात फिरत होता. सगळीकडे तोच काळा फत्तर, ज्यावर सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंतचा मुलूख उभा आहे. त्या फत्तराच्या डोंगरात त्याला शंख मिळाले. दगड झालेले, पण वळसे स्पष्ट ओळखू येणारे.

यात एवढे नवल काय, हे कळायला त्या काळात जावे लागते. काळा फत्तर, म्हणजे बेसॉल्ट, आगीतून जन्मला की पाण्यातून, यावर युरोपातले पंडित दोन पिढ्या भांडत होते. फ्रायबर्गचा आब्राहाम वेर्नर शिकवायचा, की आद्य समुद्रात गाळ बसत गेला आणि त्याचाच बेसॉल्ट झाला. दुसरा पक्ष म्हणे, हा ज्वालामुखीचा थिजलेला रस आहे. १८२३ पर्यंत आगीचा पक्ष जवळजवळ जिंकला होता. अशा वेळी फत्तराच्या डोंगरात शंख सापडावा! हजार अंशांहून तापलेल्या रसात गोगलगाईची राखसुद्धा उरणार नाही. मग ती तिथे आली कशी?

व्हॉयसीला उत्तर शोधायला आयुष्य मिळाले नाही. पुढच्याच वर्षी, १८२४ मध्ये, तो वारला. शंखांवरचा त्याचा लेख छापून यायला १८३३ साल उजाडले.

धागा दुसऱ्या एका डॉक्टरने उचलला. मद्रास लष्करातला जॉन ग्रँट माल्कमसन हैदराबाद ते नागपूर या वाटेने आला, म्हणजे निर्मळचे डोंगर ओलांडून, वर्धा नदी उतरून, हिंगणघाटवरून. त्या वाटेवर त्याने पिशव्या भरभरून दगडी शंख, शिंपले आणि दगडी लाकूड गोळा केले. १८३७ मध्ये त्याने लंडनच्या भूशास्त्र संस्थेपुढे निबंध वाचला, तो १८४० मध्ये छापला गेला. त्यातल्या मुख्य गोगलगाईला शंखांचा अभ्यासक सॉवर्बी याने नाव दिले : फायसा प्रिन्सेपाय.

ही गोगलगाय नीट पाहण्यासारखी आहे. शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला तर बहुतेक शंखांचे तोंड उजव्या हाताला येते. फायसाचे डाव्या हाताला येते. इतक्या एका खुणेवरून शाळकरी मुलालाही ती ओळखता येईल. आजच्या डबक्यांत तिचे नातलग आहेत, पण ते नखाएवढे. दगडातली त्यांच्यापेक्षा कितीतरी दांडगी, अंगठ्यापेक्षाही मोठी. या कुळातल्या गोगलगाई फुप्फुसाने श्वास घेतात. त्यांना मधूनमधून पाण्याच्या वर यावे लागते. म्हणून त्या राहतात उथळ, संथ, पाणवनस्पती माजलेल्या गोड्या पाण्यात. तिच्या जोडीला माल्कमसनला पाणशेवाळासारख्या ‘कारा’ या वनस्पतीची बारीक, मळसूत्री दगडी बीजेही मिळाली. तीही गोड्या, साचलेल्या पाण्यातली. समुद्राचा प्रश्नच मिटला. ज्या फत्तराला आग म्हणायचे, त्याच्या पोटात तळे होते!

आणि इथेच गाडी अडली. तळे आधीचे की फत्तर आधीचा?

१८४५ मध्ये नागपुरात स्टीफन हिस्लॉप आला. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा, वय सत्तावीस, धंद्याने मिशनरी. नागपूर तेव्हा भोसल्यांच्या राज्यात होते. हिस्लॉपने शाळा काढली, मराठी शिकला, गोंडांच्या वस्त्यांत जाऊन त्यांची गाणी आणि शब्द लिहून घेतले आणि जिथे जाईल तिथले दगड फोडले. १८५१ मध्ये तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरच्या वेशीबाहेर टाकळीला (आता ती शहरातच जमा झाली आहे) दोन काळ्या फत्तरांच्या मध्ये दबलेला एक पातळ थर सापडला. त्या थरात एक अख्खे जग होते. डाव्या वळशाच्या गोगलगाई होत्याच, शिवाय फळे, बिया, पाने, माशांचे खवले, हाडांचे तुकडे, आणि भुंगेऱ्यांच्या पाठीवरचे कठीण पंखसुद्धा. भुंगेऱ्याचा पंख दगडात टिकावा म्हणजे गाळ किती अलगद बसला असेल! पेट्या लंडनला रवाना झाल्या. १८५५ मध्ये दोघांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध प्रसिद्ध झाला.

तो निबंध मी फार मोठा मानतो, आणि त्यातले मुख्य उत्तर चुकलेले आहे. विद्यार्थ्यांनी त्या चुकीपाशी थांबावे असे मला मनापासून वाटते. हिस्लॉप आणि हंटर यांचे म्हणणे असे : या प्रदेशात एके काळी एक विशाल तळे होते. त्याच्या तळाशी गाळ बसला. मग ज्वालामुखीचा रस त्यावर पसरला; तो झाला वरचा फत्तर. त्यानंतर कधीतरी आणखी रस खालून आला, गाळाच्या थराखाली घुसला आणि तिथेच थिजला. तो झाला खालचा फत्तर. म्हणजे मधला गाळ सगळ्यात जुना आणि त्याला वरून-खालून कवटाळणारे दोन्ही फत्तर त्यानंतरचे.

ऐकायला पटणारे उत्तर आहे. पण ते तपासायची रीत खडकातच लिहिलेली असते, आणि ती इतकी साधी आहे की सातवीतल्या मुलांना एका दुपारी शिकवता येईल. पेटता रस ज्या मातीला भिडतो ती माती भाजते. लाल होते, कडक होते, कधी तिचे बारीक खांब पडतात. तेव्हा गाळाच्या थराची कुठली बाजू भाजली आहे ते पाहायचे. रस वरून आला असेल तर वरची कड भाजलेली. खालून घुसला असेल तर खालचीही भाजलेली हवी, शिवाय गाळाचे ढलपे त्या फत्तरात अडकलेले दिसायला हवेत. उलट खालचा फत्तर आधीच थंड होऊन ऊन-पाऊस खात पडला असेल, तर त्याचा माथा कुजलेला, भुसभुशीत दिसेल, आणि त्याचेच खडे वरच्या गाळात मिसळलेले आढळतील.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला विल्यम ब्लॅनफर्ड पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातले फत्तर पायाखाली घालून आला आणि त्याने १८६७ मध्ये निकाल दिला. तळे एक नव्हते, अनेक होती. ती एकाच पातळीवरही नव्हती. रस आला, पसरला, थिजला. मग शांतता. त्या शांततेत फत्तराचा माथा पावसाने कुजला, माती झाली, झाडे उगवली, खळग्यांत पाणी साचले, त्यात गोगलगाई आल्या. मग पुन्हा रस. हे पुन्हा पुन्हा झाले. या मधल्या थरांना भूशास्त्रात ‘इंटरट्रॅपियन’ म्हणजे दोन फत्तरांमधले थर म्हणतात.

माझ्या लेखी या सगळ्या कथेचा गाभा हा आहे. दख्खनचा फत्तर म्हणजे एकसंध अजस्र ढेकूळ नव्हे. गोगलगाईने दाखवले की त्यात मजले आहेत, आणि दोन मजल्यांच्या मध्ये वेळ गेलेला आहे. वर्ध्यात आज ज्याला आपल्या विहिरीचे पाणी समजून घ्यायचे असेल त्यालाही हेच आधी कळावे लागते.

या मधल्या काळात इथे काय काय उगवले होते ते वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावला दिसते. तिथल्या इंटरट्रॅपियन थरांत झाडांची दगडी खोडे मिळाली आहेत, तशी ताडकुळातल्या झाडांचीही. पाण्यात विरघळलेली सिलिका लाकडाच्या पेशीपेशीत शिरली आणि लाकूड नाहीसे होण्याआधी त्याचा ठसा धरून बसली. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या दिसतात, झाडाचे कूळ ठरवता येते. शेटे आणि कुलकर्णी या अभ्यासकांनी १९८२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या अशा खोडांवर सविस्तर लिहिले आहे. त्याआधी पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९३४ मध्ये मध्य हिंदुस्थानातल्या दगडी वनस्पतींच्या आधारे एक वाद पेटवला होता : दख्खनचा फत्तर डायनोसॉरांच्या क्रिटेशस काळातला, की त्यानंतरच्या टर्शरी काळातला? साहनींचा कौल टर्शरीला होता. आता किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढता येते. मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे निघाले, आणि दोन काळांमधली सीमारेषा त्या उद्रेकांच्या मधूनच जाते. खालचे मजले एका युगातले, वरचे दुसऱ्या. टाकळीचा भुंगेरा डायनोसॉर संपवणाऱ्या त्या मोठ्या संहाराच्या आसपासच्या काळातला आहे.

आता फत्तराकडून खनिजांकडे, आणि त्यासाठी गिरडला जायला हवे.

समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस बोलतात. टेकडीवर गोल, गुळगुळीत गोट्यांचा खच पडलेला असतो, काही जायफळाएवढे. जुन्या गॅझेटिअरने त्याची आख्यायिका नोंदवली आहे. दोन फिरस्ते व्यापारी माल घेऊन चालले होते. बाबांच्या फकिरीची त्यांनी थट्टा केली. बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले. व्यापारी पाया पडले, तेव्हा बाबांनी वाळल्या पानांचा नवा माल करून दिला. ते पाहून दोघे कायमचे बाबांच्या चरणी राहिले. टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच म्हणतात.

ज्याने प्रथम ही गोष्ट सांगितली त्याने गोटे बारकाईने न्याहाळले होते, याबद्दल मला शंका नाही. हे गोटे आसपासच्या काळ्या दगडापेक्षा निराळे आहेत, ते त्यात भरल्यासारखे वाटतात, आणि आतून घडीव आहेत. तिन्ही गोष्टी खऱ्या.

घडले असे. उतू जाणाऱ्या दुधात वाफ वर धावते तसे लाव्ह्यातले वायू वर धावले, आणि माथा थिजता थिजता बुडबुडे आतच अडकले. म्हणून प्रत्येक लाव्हाथराचा वरचा भाग भोकाभोकांचा आणि पोट घट्ट. पुढे त्या भोकांतून गरम पाणी फिरले. बेसॉल्ट हा मुख्यतः दोन खनिजांचा खडक : पांढरट प्लॅजिओक्लेज आणि गडद पायरॉक्सीन. त्यांतून पाण्याने सोडियम, कॅल्शियम, अॅल्युमिनियम, सिलिका उचलली आणि थंड होताना भोकांच्या भिंतींवर जमवली. असे झिओलाइट झाले, कॅल्साइट झाले, गारगोटी झाली. फत्तर कुजून माती झाला तरी हे भरलेले गोळे टिकाऊ. ते सुटे होऊन टेकडीवर पसरले.

झिओलाइटच्या अंगात पाणी असते. त्याच्या स्फटिकाच्या जाळीत सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत पाण्याचे रेणू बसलेले असतात. परीक्षानळीत तुकडा तापवला की वरच्या थंड काचेवर दव धरते. एका कोरड्याठाक दगडातून डोळ्यांदेखत पाणी निघते. भूशास्त्र शिकवायला याहून चांगला पहिला तास मला सुचत नाही. दुसरा तास ओळखीचा : पोलादी सुरीने कॅल्साइटवर ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही. सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर कॅल्साइट फसफसतो, गारगोटी ढिम्म.

नागपूरकडच्या फत्तरातला असाच एक गवती हिरवा कॅल्साइट हिस्लॉपमार्फत परदेशी गेला. सॅम्युएल हॉटनने त्याचे पृथक्करण करून १८५९ मध्ये त्याला ‘हिस्लोपाइट’ नाव दिले. आम्लात कॅल्साइट विरघळून जातो आणि हिरवी भुकटी तळाशी उरते, म्हणजे रंग कॅल्साइटचा नव्हे, त्यात मिसळलेल्या दुसऱ्या खनिजाचा. आज हे स्वतंत्र खनिज मानत नाहीत.

हिस्लॉपने हे सगळे अठरा वर्षांत केले. ४ सप्टेंबर १८६३ ला तो मध्य प्रांताचा मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल याच्याबरोबर नागपूर-वर्धा वाटेवरच्या बोरीजवळ टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेला होता. तिथे महापाषाण काळातली दफने उकरली. परतताना हिस्लॉप एका गावची शाळा पाहायला मागे थांबला. दरम्यान पाऊस कोसळला. वाटेतला नाला सकाळी ओलांडण्याजोगा होता, संध्याकाळी नव्हता. हिस्लॉप त्यात बुडून गेला. वय पंचेचाळीस. गोंडांविषयीची त्याची टिपणे टेंपलनेच पुढे १८६६ मध्ये छापली, आणि नागपुरातले हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून त्याचे नाव चालवते आहे.

आपल्याकडचा नाला तासाभरात का चढतो, त्याचे कारण पायाखालच्या थरांत आहे. काळी माती पहिल्या सरींत पाणी पिते, फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. मग ती पाणी खाली सोडत नाही. जिथे माती नाही तिथे घट्ट फत्तर, तोही पाणी घेत नाही. पाऊस उतारावरून थेट नाल्यात येतो. सप्टेंबरात ज्या नाल्यात माणूस बुडतो, त्याच्या काठच्या विहिरी मे महिन्यात कोरड्या पडतात, आणि दोन्हींचे मूळ एक.

वर्धा जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर. नद्यांकाठचा गाळ आणि थोडेसे इतर भाग सोडले तर बाकी सगळा फत्तर. पाऊस कमी नाही, सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास. मग पाणी टिकत का नाही? याचे उत्तर एका हिशेबात मिळते. एक हेक्टर वावर घ्या. त्यावर हजार मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० घनमीटर पाणी पडले. आता त्या वावराखाली पाणी धरणारा दहा मीटर जाडीचा कुजट, भेगाळ फत्तर आहे असे धरू. तो झाला १,००,००० घनमीटर. भूजलाच्या सरकारी अंदाजपत्रकात अशा फत्तरातून विहिरीला मिळू शकणारे पाणी साधारण २ टक्के धरतात. म्हणजे २,००० घनमीटर. ही तिजोरी आभाळातून पडते त्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त सामावूच शकत नाही, आणि ती काठोकाठ भरली असे धरूनही! श्रावणात विहीर तुडुंब दिसते ती तिजोरी लहान असल्यामुळे, आणि होळीला तळ दिसतो तोही त्याचमुळे.

ही तिजोरी कुठे आहे ते विहिरीच्या भिंतीवर वाचता येते. उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलेले असताना, समुद्रपूर-हिंगणघाटकडच्या एखाद्या न बांधलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहून सावकाश खाली पाहावे. वर काळी माती, तिच्या पायथ्याशी पांढरे चुनखडे. मग पिवळट मुरूम, त्यात साले सुटत गेलेले गोल धोंडे. हा फत्तराचा कुजलेला भाग. त्याखाली काळा पाषाण, उभ्या-आडव्या भेगांनी चिरलेला. सुरुंगाच्या नळीची अर्धी खाच त्यावर अजून दिसते. आणखी खाली भेगा विरळ होतात, दगड गुळगुळीत आणि सुका. आणि मग, तळाच्या जरा वर, एक हातभर जाडीचा तांबडा पट्टा. त्या पट्ट्याच्या वरच्या कडेने भिंत ओली असते. तिथेच शेवाळ धरलेले असते, तिथूनच बारीक झिरे सुटतात. पट्ट्याच्या खाली पुन्हा दगड, पण आता पांढऱ्या ठिपक्यांचा, टिकाव सहज शिरेल असा.

तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांमधली शांतता. खालच्या फत्तराचा माथा कुजून झालेली माती, आणि वरच्या रसाने भाजून लाल केलेली. ती चिकणमाती असल्याने पाणी आत घेते पण सोडत नाही. भेगांतून उतरलेले पाणी तिच्यावर थबकते आणि आडवे सरकून विहिरीत येते. खालचा ठिपक्यांचा दगड म्हणजे आधीच्या लाव्ह्याचा भोकाभोकांचा माथा. महाराष्ट्रातले विहीर खोदणारे त्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात आणि तो लागला की त्यांची आशा वाढते. पण नुसती भोके असून भागत नाही. एका भोकातून दुसऱ्यात जायला वाट हवी. झिओलाइटने भोके बुजली असतील आणि दगड कुजला-फाटला नसेल, तर मांजऱ्याही कोरडाच. गिरडचा सुंदर गोटा आणि हिंगणघाटची कोरडी विहीर यांचा असा संबंध आहे : ज्या गरम पाण्याने एक घडवले त्यानेच दुसऱ्याच्या वाटा बुजवल्या. भेगा कशा दिसतात ते पाहायचे असेल तर पवनारला धामच्या पात्रात उतरावे. उन्हाळ्यात तिथला काळा खडक उघडा पडतो.

१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्राने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली, आणि गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चारदा मोजून नोंदवायची रीत पडली. ही नोंद फार मोलाची आहे. ऑक्टोबरातला आकडा सांगतो तिजोरी किती भरली, मे महिन्यातला सांगतो किती उपसली. मला काळजी वाटते ती कारंजा-आष्टी-आर्वीच्या संत्रापट्ट्याची. तिथे झाड जगवायला शेतकरी बोअरवर बोअर घेतो. बोअर खोल नेली म्हणजे पाणी लागेलच असे फत्तरात नसते. घट्ट पोटातून शंभर फूट गेले तरी धूळच उडते. लागले तर ते खालच्या दुसऱ्या मजल्याचे, आणि तिथवर पावसाचे पाणी पोचायला फार वेळ लागतो. कर्ज काढून घेतलेली बोअर कोरडी निघणे ही घर बुडवणारी गोष्ट आहे. तेवढ्यासाठी तरी हे शास्त्र शाळेत शिकवले पाहिजे.

आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या डोंगरातल्या छोट्या आदिवासी गावाने २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला. माणसांनी रणरणत्या उन्हात उतारावर समतल चर खणले, बांध घातले. डोंगराळ गावाला फत्तराची एक देणगी असते. सपाटीवर जे थर खोल गाडलेले असतात ते उताराच्या कडेला उघडे पडतात. भेगाळ, भोकाभोकांचा थर जिथे उघडा आहे तिथल्या चरात थांबलेले पाणी थेट त्या थरात शिरते. तोच चर घट्ट पाषाणावर खणला तर पाणी उन्हात वाफ होऊन जाते. मेहनत तेवढीच.

कुठला थर कुठे उघडा पडतो ते काढायची युक्ती विद्यार्थ्यांना जमण्यासारखी आहे. गावात नवी विहीर खणली जात असली की बाहेर टाकलेल्या ढिगावर जावे. तांबडी माती किंवा राखाडी, चकमकीसारखा चपटा दगड कधी आणि किती फुटांवर निघाला ते मजुरांना विचारून लिहून घ्यावे. चपट्या दगडाच्या कडा भिंगाने पाहाव्यात, डाव्या वळशाचा शंख असला तर दिसेल. मग तोच थर आणखी दोन विहिरींत किती खोलीवर आहे ते मोजावे. प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची धरून हिशेब केला की थराची तीन ठिकाणची पातळी मिळते, आणि तीन पातळ्यांवरून थर कुठल्या दिशेला किती कलला आहे ते कागदावर काढता येते. फत्तराचे थर बहुधा जवळजवळ आडवे असतात, म्हणून कल थोडाच निघेल. पण थराची ती पातळी आणि जमिनीची उंची जिथे एक होते, तिथवर चालत गेले की नाल्याच्या काठी किंवा टेकडीच्या कुशीत तो तांबडा पट्टा बाहेर डोकावताना सापडतो. चर त्याच्या वरच्या अंगाला, भेगाळ फत्तरात घ्यायचे.